माशाला किती घालायचं?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा आहे आणि मधून तापी वाहते. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज आहेत, शिवण नदीवर विरचक धरण आहे, नवापूरकडे रंगावलीचं धरण आणि उकाईचं मागे सरकलेलं पाणी आहे. त्यात गेल्या काही वर्षांत खोदलेली शेततळी आणि गावोगावचे जुने पाझर तलाव मिळवले, तर मासे वाढवायला या जिल्ह्यात पाणी कमी नाही. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. त्यामुळे मत्स्यव्यवसायाच्या योजनांमध्ये नंदुरबारचं नाव वारंवार येतं. या योजनांचं यश जलाशयांत माशांचे किती पिंजरे बसवले, किती बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडली आणि किती अनुदान वाटलं यावर मोजलं जातं. ही सगळी मोजणी मासा पाण्यात पडेपर्यंतची आहे. त्यानंतर रोज सकाळी तळ्याच्या काठावर उभं राहून माशाला किती खाद्य घालायचं, हा निर्णय शेतकऱ्याला एकट्याने घ्यावा लागतो. खाद्य घालून केलेल्या मत्स्यशेतीत चालू खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग खाद्यावरच जातो, म्हणून नफा-तोट्याचा निकालही याच निर्णयावर ठरतो. माझं म्हणणं असं आहे की खाद्याचं प्रमाण हा मत्स्यशेतीतला मध्यवर्ती निर्णय आहे. तो माशाच्या वजनावरून आणि पाण्याच्या प्रकारावरून ठरायला हवा. आणि तो ठरवण्याची साधनं शेतकऱ्याच्या हाती देणं हे पिंजरे देण्याइतकंच सरकारचं काम आहे.

खाद्याचं प्रमाण म्हणजे तळ्यातल्या माशांच्या एकूण वजनाच्या किती टक्के खाद्य रोज घातलं ते. मासा लहान असताना हे प्रमाण मोठं असतं. मत्स्यजिऱ्यातून नुकत्याच वाढलेल्या पिल्लांना वजनाच्या आठ-दहा टक्के, बोटुकलीला पाच-सहा टक्के, पाव किलोच्या माशाला दोन-तीन टक्के आणि विक्रीला आलेल्या माशाला त्याहूनही कमी, असा सर्वसाधारण उतरता क्रम आहे. लहान जीव झपाट्याने वाढतो आणि त्याची चयापचयाची गती वजनाच्या मानाने जास्त असते, हे त्यामागचं कारण. पण टक्केवारी आणि वाढ यांचं नातं सरळ रेषेचं नाही. पोटात जाणाऱ्या खाद्यातून मासा आधी श्वास, पोहणं, शरीराची डागडुजी हे भागवतो. एवढंच भागेल इतकं खाद्य मिळालं तर त्याचं वजन वाढतही नाही, घटतही नाही. त्यावरचं खाद्य मांसात उतरू लागतं. तिथून काही अंतरापर्यंत प्रत्येक वाढीव किलोचा चांगला मोबदला मिळतो. मग एक टप्पा असा येतो, की वाढ होत राहते पण दर किलो वाढीमागे लागणारं खाद्य वाढू लागतं. शेवटी पोट भरलेला मासा खाद्याकडे पाठ फिरवतो. म्हणजे सर्वांत जलद वाढीचं प्रमाण आणि सर्वांत किफायतशीर वाढीचं प्रमाण हे दोन वेगळे बिंदू आहेत. किफायतशीर बिंदू अलीकडे असतो, आणि शेतकऱ्याचं हित बहुतेक वेळा त्याच्या आसपास असतं.

या नात्यावर तापमानाचा परिणाम काय होतो, ते कॅनडातल्या नानाइमो इथल्या संशोधन केंद्रात जे. आर. ब्रेट आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली सॅमनच्या पिल्लांवर दाखवून दिलं. भरपूर खाद्य दिलेली पिल्लं १५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत वेगाने वाढली. खाद्य वजनाच्या दीड टक्क्यापर्यंत कमी केल्यावर मात्र सर्वांत चांगली वाढ पाच अंशांच्या आसपास मिळाली. मासा शीतरक्ताचा असल्यामुळे पाणी जितकं कोमट, तितका त्याचा बसून राहण्याचा खर्चही जास्त. पोटात पुरेसं पडत असेल तर ऊब वाढीला मदत करते. पोट अर्धं असेल तर तीच ऊब अंगातलं जाळते. आपले कटला, रोहू, मृगळ उष्ण पाण्यातले आहेत आणि साधारण २६ ते ३० अंशांत उत्तम वाढतात. म्हणून सॅमनचे आकडे त्यांना लागू नाहीत. तत्त्व मात्र लागू आहे, आणि नंदुरबारच्या हवामानात ते दोन्ही बाजूंनी जाणवतं. उन्हाळ्यात सपाटीवरचा पारा चाळीस अंशांपुढे जातो, तर हिवाळ्यात सातपुड्यात डाबसारख्या ठिकाणी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. थंडीत मासा मंदावतो, त्याची भूक उतरते, तेव्हा ऑक्टोबरचं प्रमाण जानेवारीत चालू ठेवलं तर खाद्य तळाशी कुजतं. मार्चमध्ये पाणी तापू लागल्यावर जानेवारीचंच प्रमाण ठेवलं, तर मासा खाऊनही वाढत नाही. वर्षभर एकच माप चालवणारा शेतकरी वर्षातले बरेच महिने चुकीच्या मापावर असतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका शेततळ्यात प्रत्येकी ५० ग्रॅमचे २,००० मासे आहेत. एकूण वजन १०० किलो, आणि तीन टक्क्यांनी रोजचं खाद्य तीन किलो. मासे २०० ग्रॅमचे झाले की एकूण वजन ४०० किलो होतं आणि अडीच टक्क्यांनी दहा किलो खाद्य लागतं. शेतकरी जर सवयीने तीन किलोच घालत राहिला, तर प्रमाण पाऊण टक्क्यावर येतं. नैसर्गिक अन्न फारसं नसलेल्या तळ्यात एवढ्यात जेमतेम तग धरता येतो. खाद्याचे पैसे रोज जातात आणि वजन जागेवर राहतं. आता उलट बाजू पाहा. सोडलेल्या २,००० बोटुकलीपैकी ८०० सुरुवातीलाच मेल्या किंवा पक्ष्यांनी उचलल्या, आणि शेतकरी मात्र कागदावरच्या २,००० माशांच्या हिशेबाने दहा किलो घालतो आहे. तर उरलेल्या १,२०० माशांना प्रत्यक्षात चार टक्क्यांहून अधिक खाद्य पडतं. कमी घालणाऱ्याला आपण काटकसर करतो आहोत असं वाटतं, जास्त घालणाऱ्याला आपण माशांची नीट काळजी घेतो आहोत असं वाटतं. दोघांचं नुकसान एकाच कारणाने होतं. तळ्यात मासे किती आणि केवढे आहेत, हे दोघांनीही पाहिलेलं नसतं.

जास्त खाद्याचं नुकसान वाया गेलेल्या पैशापुरतं थांबत नाही. २८ टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यात सुमारे ४५ ग्रॅम नायट्रोजन असतो. मासा त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग अंगात साठवतो आणि उरलेला मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो. म्हणजे मासा सगळं खाद्य खातो असं धरलं, तरी दर किलोमागे ३० ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन पाण्यात जातो. न खाल्लेलं खाद्य कुजून त्यात भर घालतं आणि कुजताना प्राणवायू ओढून घेतं. पाणी तापलेलं आणि त्याचा सामू चढलेला असेल तर अमोनियाचा विषारी अंश वाढतो, आणि ही दोन्ही लक्षणं उन्हाळ्यातल्या हिरव्यागार तळ्याची आहेत. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, आणि खाल्लेलं पचवतानाही माशाला जादा प्राणवायू लागतो. म्हणून उगवतीआधी खाद्य घालू नये, ऊन वर आल्यावर घालावं आणि ढगाळ दिवशी हात आखडावा. कटला, रोहू, मृगळ या माशांना जठरच नसतं. एका वेळी ढीगभर खाद्य साठवण्याची सोय त्यांच्या शरीरात नाही, त्यामुळे तेच माप दोन-तीन वेळांत विभागून घातलेलं त्यांना मानवतं. पिंजऱ्यांत वाढवला जाणारा पंगस मासा वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो. ही त्याची ताकद शेतकऱ्याला फसवते, कारण पाणी बिघडलं तरी पंगस लगेच मरत नाही. तो खाणं कमी करतो, वाढ मंदावते आणि इशारा उशिरा मिळतो.

या जिल्ह्याला खाद्याच्या हिशेबाचं वावडं नाही, हे नवापूरवरून दिसतं. २००६ साली देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापुरात झाला आणि हे गाव देशभर माहीत झालं. पण त्याआधीपासून नवापूर कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र आहे. किती खाद्यात किती वजन आलं, म्हणजे व्यवहारातला एफसीआर, हा कोंबडीच्या धंद्याचा श्वास आहे. पक्ष्यांचं वजन होतं, मर मोजली जाते, खाद्याची नोंद राहते. तीच शिस्त तळ्यावर आली की ढिली पडते, याचं कारण अज्ञान नसून पाणी आहे. शेडमधलं सांडलेलं खाद्य डोळ्यांना दिसतं, मेलेला पक्षी दिसतो, वाढ दिसते. पाण्यात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून दिसत नाही ते मोजण्याची सोय मत्स्यशेतीत मुद्दाम करावी लागते.

पाण्याचे प्रकारही वेगळे आहेत, आणि खाद्याचं एकच कोष्टक सगळ्यांना लावता येत नाही. मातीचा तळ असलेल्या तलावात शेणखत आणि ऊन यांच्या जोरावर प्लवंग तयार होतात, तळाशी कीटक आणि सेंद्रिय गाळ असतो. इथे मासा बाहेरच्या खाद्यावर पूर्ण अवलंबून नसतो. थायलंडमध्ये जेम्स डायना आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात खत घातलेल्या तळ्यांत तिलापियावर प्रयोग केले. पोटभर खाद्याच्या सुमारे निम्मं प्रमाण किफायतशीर ठरतं आणि मासा १०० ग्रॅमच्या पुढे गेल्यावर खाद्य सुरू केलं तरी चालतं, असं त्यांना आढळलं. फिलिपिन्समध्ये रेमेडिओस बोलिव्हार आणि सहकाऱ्यांनी अशाच तळ्यांत एक दिवसाआड खाद्य घालून पाहिलं. वाढीत लक्षणीय फरक पडला नाही आणि खाद्याचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. आपल्याकडे मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या एम. सी. नंदीशा यांनी कार्प माशांना काही दिवस जास्त प्रथिनांचं आणि काही दिवस कमी प्रथिनांचं खाद्य आळीपाळीने देण्याची पद्धत तपासली आणि महागडं प्रथिन वाचवता येतं हे दाखवलं. नवापूर तालुक्यात भात होतो, तिथली तूरडाळ भौगोलिक मानांकनाने ओळखली जाते. कोंडा, चुनी, मका, शेंगदाण्याची पेंड यांवर आधारलेलं पूरक खाद्य आणि जोडीला तळ्याचं नैसर्गिक अन्न हा मार्ग गावतलावांना परवडणारा आहे. तिथे पाकीटबंद खाद्याचं पूर्ण माप घालणं म्हणजे फुकट मिळणारं अन्न नाकारून विकतचं घेणं.

प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेततळ्यात हे गणित बदलतं. अस्तरामुळे पाणी टिकतं, पण माशाला तळाच्या मातीतून मिळणारं अन्न तुटतं. मृगळसारख्या तळावर चरणाऱ्या माशाचं त्यात विशेष नुकसान होतं. प्लवंग वाढवता येतात, तरी त्यांच्यावरच भिस्त ठेवता येत नाही. अशा तळ्यात खाद्याचं प्रमाण गावतलावापेक्षा जास्त हवं, आणि घाण मुरवून घेणारी माती नसल्यामुळे चूकही लवकर भोवते. जलाशयातल्या पिंजऱ्यात तर बाहेरच्या खाद्यावरचं अवलंबित्व जवळपास पूर्ण असतं. दाट सोडलेल्या पंगसला प्लवंगांवर जगवता येत नाही. एक दिवसाआड खाद्याचा फिलिपिन्सचा धडा इथे जसाच्या तसा लावला, तर मासा उपाशी राहील आणि आकारात विषमता येईल. धट्टे मासे पुढे जातील, दुबळे मागे पडतील आणि विक्रीच्या वेळी निम्मा माल व्यापारी बाजूला काढेल.

पिंजऱ्यांचा विषय नंदुरबारात केवळ तांत्रिक राहत नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणामुळे अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. त्यांतल्या मणिबेलीला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाण्याने वेढलं. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत पाणी साठवण्याची वाट मोकळी झाली. ज्यांची शेतं या पाण्याखाली गेली, त्याच आदिवासींनी मच्छीमार सहकारी संस्था उभ्या करून याच पाण्यावर उपजीविकेचा हक्क सांगितला, आणि पुढे नर्मदेच्या या फुगवट्यात पिंजऱ्यातली मत्स्यशेतीही आली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने शेजारच्या उकाई जलाशयात आणि पुणे जिल्ह्यातल्या डिंभे जलाशयात आदिवासींबरोबर पिंजऱ्यांचं काम केलेलं आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जमातींना ६० टक्के अनुदान मिळतं. सर्वसाधारणपणे वापरला जाणारा पिंजरा ६ बाय ४ बाय ४ मीटरचा, म्हणजे ९६ घनमीटरचा असतो. समजा, अशा एका पिंजऱ्यातून तीन टन मासळी काढायची आहे. एक किलो मासळीमागे दीड किलो खाद्य लागलं तर साडेचार टन खाद्य संपेल, दोन किलो लागलं तर सहा टन. खाद्याचा दर किलोला ४० रुपये धरला, तर फरक ६० हजार रुपयांचा, आणि तोही एका पिंजऱ्याचा, एका हंगामाचा. अनुदान एकदाच मिळतं, हा फरक दर हंगामाला सोसावा लागतो. ज्यांनी जमीन गमावली त्यांच्या हाती पिंजरा देऊन हे गणित न देणं म्हणजे त्यांना नव्या कर्जाच्या वाटेला लावणं आहे.

यावर पहिला आक्षेप वेळेचा आहे, आणि तो वजनदार आहे. शेततळं जुलै-ऑगस्टमध्ये भरतं आणि मार्च-एप्रिलमध्ये उतरतं. सात-आठ महिन्यांत मासा विकण्याजोगा व्हायचा असेल, तर किफायतीच्या बिंदूवर थांबून कसं चालेल? मिळेल तेवढं खाऊ घालून घाई करायलाच हवी. या अडचणीचा उपाय खाद्याच्या पोत्यात शोधला जातो, पण तो बीजात आहे. ऑगस्टमध्ये मत्स्यजिरे सोडणाऱ्याने हंगामाचे पहिले दोन-तीन महिने पिल्लं वाढवण्यातच घालवलेले असतात. चांगली पोसलेली मोठी बोटुकली सोडली तर तेवढे महिने हाती राहतात आणि मरही घटते. डिंभ्याच्या पिंजऱ्यांत पिल्लांपासून बोटुकली वाढवण्याचं काम झालं, ते यासाठीच मोलाचं आहे. धडगाव किंवा नवापूरच्या संस्थांनी आपल्याच पाण्यात बोटुकली वाढवली, तर लहान माशाची मोठी टक्केवारी थोड्या एकूण वजनावर, म्हणजे थोड्या खर्चात, भागते. शेवटच्या दोन महिन्यांत पोती ओतून गमावलेला वेळ परत येत नाही. त्या वेळी माशांचं एकूण वजन सर्वांत जास्त, पाणी सर्वांत कमी आणि तापमान चढतं असतं, म्हणजे जास्त खाद्याचा धोका नेमका तेव्हाच सर्वांत मोठा असतो.

दुसरा आक्षेप असा, की खाद्य कंपन्या पोत्याबरोबर कोष्टक देतात, मग आणखी काय हवं? कोष्टक उपयोगी आहे, ते टाकून देण्याचं कारण नाही. पण त्यात माशाचं वजन आणि पाण्याचं तापमान शेतकऱ्यानेच भरायचं असतं. तेच माहीत नसेल तर कोष्टक हातात असूनही अंदाजच चालतो. शिवाय कोष्टक चांगल्या पाण्यासाठी बनलेलं असतं. पावसाळ्यात नर्मदेचं पाणी गढूळ होतं, तरंगत्या खाद्याकडे मासा नेहमीसारखा येत नाही. जलाशयाची पातळी वर्षभरात कित्येक मीटर वर-खाली होते, पिंजरे हलवावे लागतात, आणि हलवाहलवीच्या ताणात मासा खाणं सोडतो. अशा दिवशी कोष्टकापेक्षा माशाचं वागणं ऐकायचं असतं. खाद्य टाकल्यावर पंधरा-वीस मिनिटांत संपलं तर माप ठीक आहे. तरंगत राहिलं तर दुसऱ्या वेळचं माप कमी करावं.

तिसरा आक्षेप काहीसा वरच्या पायरीवरून घेतला जातो. वजनं करा, टक्केवारी काढा, वही ठेवा, हे दुर्गम पाड्यावरच्या माणसाला कसं जमणार? हा आक्षेप मला मान्य नाही. जो माणूस पाण्याच्या रंगावरून आणि प्रवाहावरून जाळं कुठे टाकायचं ते ठरवतो, त्याला दर पंधरा दिवसांनी फेकजाळ्यात आलेले तीस-चाळीस मासे तोलणं अवघड नाही. एकूण वजनाला माशांच्या संख्येने भागलं की सरासरी निघते. सरासरीला जिवंत माशांच्या अंदाजाने गुणलं की तळ्याचं वजन मिळतं, आणि त्याचे दोन किंवा तीन टक्के म्हणजे उद्याचं माप. हे गणित प्राथमिक शाळेतलं आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी संस्थेतली एखादी शिकलेली मुलगी वही ठेवू शकते. बुडणारं खाद्य घालत असतील तर एक ट्रे दोरीने पाण्यात सोडून तासाभराने वर काढायचा आणि किती उरलं ते पाहायचं. जे नसतं ते म्हणजे वजनकाटा, ट्रे आणि पहिला हंगामभर सोबत राहणारा जाणकार. हे तिन्ही एका पिंजऱ्याच्या किमतीच्या तुलनेत क्षुल्लक आहेत.

चौथा आक्षेप मुळावर घाव घालणारा आहे. इतक्या मोठ्या जलाशयांत खाद्य घालायचंच कशाला? चांगलं बीज सोडावं, निसर्गाने वाढवावं, संस्थांनी धरावं. यात मोठं तथ्य आहे. जलाशयातली खुली मासेमारी गरिबाला परवडणारी आहे, तिच्यात खाद्याचं कर्ज नाही, आणि तिथल्या स्थानिक संस्थांचा मासेमारीचा हक्क पिंजऱ्यांच्या नावाखाली कुणी हिरावून घेऊ नये. पण या आक्षेपातूनही निष्कर्ष हाच निघतो, की प्रत्येक पाण्याला त्याचं त्याचं माप आहे, आणि काही पाण्यांसाठी ते शून्य आहे. जिथे शून्य पुरतं तिथे पिंजरे लादू नयेत. जिथे पिंजरे घातले तिथे खाद्याचं माप अंदाजावर सोडू नये. शिवाय पिंजऱ्याखाली कुजणारं खाद्य त्याच जलाशयात मिसळतं, ज्यात इतर संस्थांचे सभासद जाळी टाकतात. म्हणून एका पिंजऱ्यातलं अति खाद्य ही केवळ त्याच्या मालकाची बाब राहत नाही.

मग काय करावं, हे पुरेसं स्पष्ट आहे. पिंजरा किंवा शेततळ्यातल्या मत्स्यशेतीसाठी अनुदान देताना वजनकाटा, ट्रे आणि छापील नोंदवही हा त्या संचाचाच भाग असावा. पहिल्या हंगामात दर पंधरवड्याला नमुना वजन होतं की नाही, हे तपासण्याची जबाबदारी ठरवून द्यावी. जिल्ह्याच्या तीन पाण्यांसाठी, म्हणजे मातीचे गावतलाव, अस्तराची शेततळी आणि जलाशयातले पिंजरे यांसाठी, ऋतूनुसार वेगळी मार्गदर्शक मापं इथल्याच तळ्यांवर प्रयोग करून ठरवावीत. ती मराठीत आणि भिलोरी, पावरी, मावची या इथल्या बोलींत लोकांपर्यंत पोचवावीत. यशाचा अहवाल लिहिताना बसवलेल्या पिंजऱ्यांच्या आकड्याशेजारी एक आकडा सक्तीने यावा: एक किलो मासळीमागे किती किलो खाद्य लागलं. तो आकडा दर हंगामाला खाली येत असेल तर योजना शेतकऱ्याच्या कामाची ठरली असं म्हणता येईल. तो कुणी मागतच नसेल, तर पिंजरे कितीही वाढले तरी त्यातला पैसा खाद्याच्या पोत्यांतून पाण्यात जात राहील, आणि त्याची झळ सर्वांत आधी त्यांना बसेल ज्यांनी या पाण्यासाठी आपली जमीन दिली.